पिवळे दिसले की कावीळ, पण कोणती?



गळीत हंगाम सुरू झाला की एक प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांच्या अनुभवाला येतो. उसाच्या फडावर नाहीतर गुऱ्हाळावर कोणीतरी किटली घेऊन येतो आणि म्हणतो, "दादा, जरा रस द्या की. पोराला कावीळ झालीया." आपण ऊसवाली माणसं. अशा रसाचे पैसे कोणी घेत नाही. उलट आपल्या उसाने एखादा माणूस बरा होणार, या विचाराने बरेच वाटते.

मीही असा रस अनेकांना दिला आहे. पण पुढे घरातच एक प्रसंग असा घडला की, या काविळीची नीट माहिती करून घ्यावी असे वाटू लागले. डॉक्टरांना विचारले, वाचले, समजून घेतले. ते आपल्यापुढे ठेवावे म्हणून हा लेखप्रपंच.

पान पिवळे का पडते?

आधी आपल्या शेतातलेच उदाहरण घेऊ. उसाचे पान पिवळे पडले तर आपण काय करतो? नवशिका असेल तर धावत जाऊन युरियाचे पोते आणील. पण जाणता शेतकरी आधी वाकून बघतो. लोह कमी पडून केवडा पडला असेल तर हिराकस लागेल. पाणी साचून मुळ्या गुदमरल्या असतील तर चर काढावा लागेल. हुमणीने मुळ्या खाल्ल्या असतील तर युरिया टाकून उपयोग काय? रंग एक, कारणे चार आणि उपाय चार.

माणसाच्या काविळीचेही तसेच आहे. कावीळ हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की त्यातून एक पिवळे द्रव्य निघते, त्याला बिलिरुबिन म्हणतात. हे द्रव्य रक्तातून उचलायचे आणि पित्तावाटे आतड्यात सोडायचे, हे यकृताचे म्हणजे लिव्हरचे काम. आपल्या कारखान्यात रसातला गाळ जसा प्रेसमड होऊन बाजूला निघतो, तसेच म्हणा. तिथे यंत्रणा तुंबली तर सगळा रस गढूळ होतो. इथे यकृत सुजले किंवा पित्ताची नळी तुंबली, तर पिवळे द्रव्य रक्तात साचते. मग डोळे पिवळे, लघवी पिवळी.

आता यकृत सुजायची कारणे किती? ए, बी, सी, डी, ई असे पाच निरनिराळे विषाणू आहेत. शिवाय दारू आहे, काही औषधे आहेत. पित्ताशयातला खडा नळीत अडकला तरी माणूस पिवळा होतो. आणि आपल्यासारख्यांनी विशेष ध्यानात ठेवावा असा लेप्टोस्पायरोसिस आहे. उंदीर-घुशींच्या मुताने दूषित झालेल्या चिखलात, पाण्यात जखमी पायांनी काम केले की तो होतो. त्यातही कावीळ होते. पण तो विषाणू नव्हे, जिवाणू. वेळेवर प्रतिजैविक मिळाले तर माणूस वाचतो. आणि तो माणूस रस पीत घरी बसला तर? विचार करा.

दिल्लीचे पाणी आणि जपून ठेवलेले रक्त

या निरनिराळ्या काविळी शास्त्रज्ञांनी एकमेकींपासून कशा वेगळ्या केल्या, ही हकीकत ऐकण्यासारखी आहे. तिच्यात आपल्या पुण्याचा आणि कोल्हापूरचाही वाटा आहे.

१९५५ सालच्या पावसाळ्यानंतर दिल्लीत यमुनेचा प्रवाह बदलला. नजफगडच्या नाल्याचे सांडपाणी उलटे फिरून वझिराबादला, जिथून शहरासाठी पाणी उचलतात तिथवर पोचले. पाण्यात क्लोरीनची मात्रा वाढवली गेली. त्यामुळे विषमज्वर काही पसरला नाही. पण डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये शहरात काविळीची अशी साथ आली की सुमारे २९ हजार माणसे पिवळी झाली. त्यात गरोदर बायकांचे हाल फार झाले. जिवाणू मेले होते, पण विषाणू त्या मात्रेला पुरून उरला होता.

त्या वेळी सगळ्यांनी धरून चालले की ही 'ए' कावीळ. कारण पाण्यातून पसरणारी तेवढी एकच माहीत होती. 'ए'चा विषाणू अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पाहिला तो १९७३ साली. त्यानंतर त्याची रक्ततपासणी निघाली.

आता गंमत अशी की, दिल्लीच्या त्या रुग्णांच्या रक्ताचे काही नमुने जपून ठेवलेले होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या (एनआयव्ही) डॉ. खोरशेद पावरी व त्यांचे सहकारी आणि अमेरिकेतले डॉ. रॉबर्ट पर्सेल यांच्या गटाने ते, तसेच अहमदाबादच्या १९७५-७६ च्या साथीतले नमुने नव्या तपासणीने पाहिले. निकाल १९८० साली प्रसिद्ध झाला. ही कावीळ 'ए' नव्हती आणि 'बी'ही नव्हती! पंचवीस वर्षे सगळे जिला एका नावाने ओळखत होते, ती वेगळीच निघाली.

त्याच सुमारास काश्मीरच्या खोऱ्यात डॉ. मोहम्मद सुलतान खुरू हे तरुण डॉक्टर अशीच एक साथ पाहत होते. १९७८ साली तिथे अंदाजे ५२ हजार माणसांना कावीळ झाली आणि सुमारे १७०० दगावली. मरणाऱ्यांत गरोदर बायका जास्त होत्या. खुरूंनीही १९८० सालीच सांगितले की, हा नवा रोग आहे.

मग १९८१ साल उजाडले आणि कोल्हापूर शहरात कावीळ पसरली. एनआयव्हीच्या शास्त्रज्ञांनी येऊन रक्त तपासले. इथेही तेच, ए नाही, बी नाही. लहान मुलांपेक्षा तरणीताठी माणसे जास्त आजारी. ज्या पट्ट्यात आपण ऊस पिकवतो, त्याच पट्ट्यातली ही गोष्ट.

या विषाणूला अखेर डोळ्यांनी पाहिले ते सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाइल बालायान यांनी. त्यांनी जे केले ते ऐकून अंगावर काटा येतो. रुग्णांच्या विष्ठेपासून केलेला अर्क ते स्वतः प्याले! त्यांना कावीळ झाली, आणि आपल्याच विष्ठेत त्यांना तो विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. हे संशोधन १९८३ साली प्रसिद्ध झाले. पुढे १९९० साली अमेरिकेत त्याची जनुकीय ओळख पटली आणि 'हिपॅटायटिस ई' हे नाव रूढ झाले. आता त्याची रक्ततपासणी आहे. पण विषाणू काही संपलेला नाही. २०१२ साली इचलकरंजीत हजारो लोकांना जी कावीळ झाली ती हीच, आणि तिथेही माणसे दगावली.

माळेला यश का येते?

आता आपल्या गावठी उपायांकडे वळू. काविळीची माळ घालतात. दिवसागणिक माळ लांब होते, कावीळ उतरते म्हणतात. कोणी हाताला झाडाच्या सालीचा रस लावून वर चुन्याचे पाणी घालतो आणि पिवळे पाणी उतरताना दाखवतो. बंधूंनो, ते पाणी कावीळ नसलेल्या माणसाच्या हातूनही पिवळेच उतरते. स्वतः करून बघावे. माळ ओल्या काड्यांची गाठवलेली असते. काड्या सुकल्या, बारीक झाल्या की गाठी सैल पडतात आणि दोरा सुटत जातो. माळ सुताराच्या खुंटीला टांगली तरी लांब होणारच.

मग माणसे बरी कशी होतात? होतात, कारण ए आणि ई या काविळी बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपल्या आपण बऱ्या होतात. त्यांना मारणारे खास औषध लागत नाही. विश्रांती, पुरेसे पाणी, झेपेल ते साधे जेवण एवढ्यावर यकृत सावरते. म्हणजे जी कावीळ जाणारच होती, तिचे श्रेय माळेला मिळते. आणि जी जाणार नव्हती, तिचा माणूस माळ घालून घरात बसतो. खरा धोका हा आहे.

रसाचेही तसेच समजावे. रसात साखर आहे. अन्न जात नाही तेव्हा तिने थोडी शक्ती येते, हे खरे. पण रसाने विषाणू मरत नाही. मधुमेह असेल त्याला तर रस बाधेल. आणि रसवंतीवरचा बर्फ कुठल्या पाण्याचा, ऊस धुतला की नाही, पेला कुठल्या बादलीत बुचकळला, हे कोण पाहतो? ए आणि ई या काविळी पाण्यातूनच पसरतात. म्हणजे ज्या रसाला आपण काविळीचे औषध म्हणतो, तोच रस घाण बर्फ घालून दिला तर कावीळ देऊ शकतो. ऊस उत्पादक म्हणून हे लिहिताना हात जड होतो, पण खरे ते सांगितले पाहिजे.

आमचे आण्णा

आता ज्या प्रसंगामुळे मी हे सारे शिकलो, तो सांगतो.

माझे थोरले चुलतबंधू, आम्ही त्यांना आण्णा म्हणत असू. माळकरी माणूस. दारू तर सोडाच, सुपारीचे खांडही तोंडात टाकले नाही. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांचे पोट फुगू लागले, पायांवर सूज आली. गावात लगेच कुजबुज सुरू झाली. "आण्णा गुपचूप घेत असतील. त्याशिवाय लिव्हर जातंय होय?" आण्णांच्या कानावर हे गेले. त्या माणसाने पारावर यायचे सोडले.

दवाखान्यात रक्त तपासले तेव्हा कळले, ही 'बी' कावीळ. डॉक्टरांनी समजावून सांगितले. बी आणि सी या काविळी पाण्यातून येत नाहीत. रक्तातून येतात, दूषित सुईतून येतात, शरीरसंबंधातून येतात आणि आईकडून बाळाला होतात. तान्हेपणी बीची लागण झाली तर शंभरातल्या सुमारे नव्वद मुलांच्या अंगात तो विषाणू ठाण मांडून बसतो. वर काही दिसत नाही. डोळे पिवळे नाहीत, ताप नाही. माणूस नांगर धरतो, पाणी पाजतो, आणि आत यकृत वर्षानुवर्षे वाळत जाते. कळते तेव्हा सिरॉसिस झालेला असतो, नाहीतर कॅन्सर. आण्णांना बहुधा लहानपणीच लागण झाली असावी.

आण्णा वर्षभरात गेले. आजाराहून जास्त त्यांना ती कुजबुज लागली, असे मला आजही वाटते. ज्यांनी ती केली त्यांत मीही एकदा मान डोलावली होती. म्हणून हे लिहिणे मला भाग आहे.

रक्ताच्या एका थेंबाची कथा

ज्या तपासणीने आण्णांचा रोग कळला, तिची हकीकत १९६० च्या दशकातली आहे. अमेरिकेतले डॉ. बरुक ब्लुमबर्ग हे कावीळ शोधतच नव्हते. माणसामाणसांच्या रक्तात काय फरक असतो, म्हणून ते देशोदेशीचे रक्त तपासत होते. ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासीच्या रक्तात त्यांना एक अनोळखी प्रथिन सापडले. नाव पडले ऑस्ट्रेलिया अँटिजेन. १९६७ साली उलगडा झाला की, हे प्रथिन काविळीच्या विषाणूचे आहे. आज प्रयोगशाळेच्या कागदावर 'एचबीएसएजी' असे लिहिलेले असते ते हेच. त्याच प्रथिनावरून पुढे लस निघाली. ब्लुमबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा जन्मदिवस २८ जुलै हा आता जगभर हिपॅटायटिस दिन म्हणून पाळतात.

'सी'चा विषाणू १९८९ साली सापडला. त्या कामासाठी हार्वी ऑल्टर, मायकेल हाउटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० साली नोबेल मिळाले. सीवर लस नाही, पण औषध आहे. साधारण बारा आठवडे गोळ्या घेतल्या की शंभरातले पंच्याण्णव आणि त्याहूनही जास्त रुग्ण पूर्ण बरे होतात. पूर्वी याच रोगाला वर्षभर इंजेक्शने घ्यावी लागत आणि तरी खात्री नसे.

बीचे उलटे आहे. लस उत्तम आहे, पण विषाणू मुळासकट काढणारे औषध अजून हाती नाही. मात्र ज्याला गरज आहे त्याने रोज गोळी घेतली तर विषाणू दबून राहतो आणि यकृत वाचते. आपल्या देशात १९९७ साली हैदराबादच्या एका कंपनीने बीची लस स्वतः बनवली आणि किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली. २०११ पासून ती देशभरच्या सरकारी लसीकरणात आहे. आणि २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात बी आणि सीची तपासणी व औषधे मोफत मिळतात. आपल्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

आपण काय करावे?

सभासदांनी पुढील गोष्टी घरात सर्वांना वाचून दाखवाव्यात.

१. डोळे किंवा लघवी पिवळी दिसली की दुसऱ्याच दिवशी रक्त तपासावे. बिलिरुबिन आणि एसजीपीटीवरून यकृताला किती इजा झाली ते कळते. पण विषाणू कोणता हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी डॉक्टरांना सरळ विचारावे, "ही कोणती कावीळ?"

२. गरोदर बाईला कावीळ झाली तर एक दिवसही घरी ठेवू नये. शेवटच्या तीन महिन्यांत ई कावीळ झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायका दगावू शकतात. थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे.

३. रुग्ण बरळू लागला, दिवसा झोपून रात्री जागू लागला, उलट्या थांबेनात, नाकातोंडातून रक्त आले किंवा पोट फुगले, तर ती तातडीची बाब समजावी. काविळीबरोबर ताप हटत नसेल, पोटऱ्या ठणकत असतील, लघवी कमी होत असेल तर लेप्टोची शंका डॉक्टरांना बोलून दाखवावी.

४. काविळीत डॉक्टरांना न विचारता तापाच्या गोळ्या, झाडपाल्याची भुकटी, नाकात घालायचे रस घेऊ नयेत. आजारी यकृतावर तो जादा बोजा पडतो. दारू पूर्ण बंद.

५. गावच्या टाकीत टीसीएल पावडर रोज पडते का, ओटी टेस्ट होते का, हे ग्रामपंचायतीत विचारावे. साथ असेल तेव्हा पाणी चांगले उकळूनच प्यावे. जलवाहिनी गटारातून गेली असेल तर तक्रार लेखी द्यावी.

६. इंजेक्शन घेताना सुई आपल्यासमोर नव्या पाकिटातून काढायला सांगावे. २००९ साली गुजरातेत मोडासा भागात सुया-सिरिंजा पुन्हा वापरल्याने बीची साथ येऊन अनेक माणसे मेली. दाढीचे पातेही नवेच हवे.

७. घरात कोणाला बी कावीळ निघाली तर सर्वांनी तपासून घ्यावे. ज्यांना नाही त्यांनी लस घ्यावी. अशा माणसाबरोबर जेवल्याने, त्याच्या हातचे पाणी प्याल्याने बी होत नाही. त्याचे ताट वेगळे करू नये.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती आपल्या सहकाराच्या कामाची आहे. आपला ऊस तोडायला ज्या टोळ्या येतात, त्यांच्या कोप्या ओढ्याकडेला नाहीतर पाटाकडेला पडतात. प्यायला तेच पाणी, परसाकडेला तोच काठ. टोळीत गरोदर बायका असतात, त्या मोळ्या उचलत असतात. ई काविळीला याहून सोयीची जागा कोणती? ज्याच्या शेतात टोळी उतरली, त्याने विहिरीचे किंवा बोअरचे स्वच्छ पाणी द्यावे, मेडिक्लोरची बाटली द्यावी. कारखान्याने अड्ड्यावर संडासाची सोय करावी, असा विषय वार्षिक सभेत मांडावा. ती माणसे आपला ऊस वेळेवर तोडतात म्हणून आपला उतारा राखला जातो. त्यांच्या पाण्याची काळजी घेणे हा उपकार नव्हे.

शेवटी पुन्हा आण्णांच्या घरी जाऊ. ते गेल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही सर्वांनी रक्त दिले. थोरल्या मुलाला लागण निघाली. तो रोज एक गोळी घेतो, सहा महिन्यांनी तपासून येतो आणि चार एकर ऊस स्वतः बघतो. लेकीलाही लागण होती, आणि तेव्हा ती पोटुशी होती. सासरी सांगावे की नाही यावर घरात दोन दिवस वाद झाला. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "ह्यांचं लपवून काय मिळालं? सांगायचं." सांगितले. सासरची माणसे समजूतदार निघाली. बाळंतपण मोठ्या रुग्णालयात झाले. जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत बाळाला बीची लस आणि दुसरे एक संरक्षक इंजेक्शन मिळाले. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस झाले. पहिल्या वाढदिवसाच्या आसपास त्याचे रक्त तपासले. लागण नाही.

ते पोरगं आता शाळेत जाते. सुट्टीत आजोळी आले की उसाचे कांडे सोलून मागते. आम्ही ऊस आधी स्वच्छ धुतो, मग देतो.